चातुर्मासानंतरची घाणी

घोडेगावात रूपचंद शेठच्या तेलघाणीवर रामदासनं उमेदीची वर्षं घालवली. डोंगरातून खुरासणीचं काळं बी पोत्यांनी यायचं. ते घाणीत घालायचं, तेल काढायचं, हे त्याचं काम. त्याच्याच गावचे संपत आणि चिमाजी पोती वाहायचे, पेंड फोडायचे.

आषाढापासून चातुर्मासाचे चार महिने मात्र घाणी बंद. पावसाळ्यात बियांत किडे होतात, ते चिरडले जायला नकोत, हा शेठच्या आई सज्जनबाईंचा जैन नियम. तिघांना तो सोयीचाच होता. गावी जाऊन भात लावायचा, कापायचा आणि कार्तिकी पौर्णिमा झाली की एसटीनं खाली उतरायचं. निरोप धाडायची वेळ कधी आलीच नाही.

नव्याण्णव सालीही आषाढात घाणी थांबली. कुणी काही विचारलं नाही. शेठ जरा जास्तच गप्प होते, एवढंच.

कार्तिकात येऊन बघतात तर घाणीच्या जागी पामतेलाच्या डब्यांची थप्पी. सरकारनं परदेशी तेलावरचा कर उतरवला होता आणि खुरासणीच्या तेलाकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नव्हतं. शेठचा मुलगा विपुल नव्या टेम्पोला हार घालत होता.

"आता चातुर्मासाची भानगड नाही, धंदा बारा महिने!" तो खुशीत म्हणाला.

पोराचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त वैताग येतो. बाजार खुला झाला, तालुक्याची भरभराट झाली, असं जो तो सांगतो. झाली असेल बाबा.

संपत आणि चिमाजी ओट्यावर टेकले. रामदास आत गेला.

"शेठ, आषाढातच सांगायचं व्हतं. आमी दुसरं काम बघितलं असतं."

"जीभ रेटली नाही रे," रूपचंद म्हणाले. "तू उद्यापासून ये. डबे उतरवायला माणूस लागतो."

"येकच?"

शेठनी मान डोलावली. रामदासला खरं तर राग यायला हवा होता. पण नुसता शीण आला. घरी बायको रत्ना होती, पोरं होती. तो "बरं" म्हणाला.

तो बाहेर येताच संपतनं विचारलं, "कधी चालू व्हतीया?"

"न्हाई व्हनार. आता येकालाच काम हाय."

कुणाला, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. चिमाजीनं पिशवी खांद्याला लावली.

"लई बरं झालं राव," तो म्हणाला. "आपल्यातल्या येकाचं तरी भागलं."

हे तो अगदी मनापासून बोलला होता. रामदासला तेवढंच सोसवलं नाही.