जवायाचा स्प्रे

बाबांचा एकच बरा फोटो आमच्याकडे होता, आणि आई तो पुसून पुसून संपवत होती. फोटो इंकजेटवर छापलेला, पाणी लागलं की रंग सोडणारा. रोज सकाळी ती ओलं फडकं फिरवायची आणि बाबांच्या निळ्या सदऱ्याचा रंग फडक्यावर यायचा. काच बसवली, तर "काचेत कोंडल्यावानी वाटते" म्हणून तिने काढून ठेवली. आमच्या गावाजवळच्या उंद्रीच्या स्टुडिओवाल्याने कम्प्युटर साफ करताना मूळ फोटोही उडवला होता. मोबाइलवरून नक्कल काढली, तर आईने मानच फिरवली. शेवटी सगळ्यांनी तिला दटावलं: वरून संरक्षक स्प्रे मारेपर्यंत फोटोला हात लावायचा नाही.

आता स्प्रे कोणता? आमच्या घरात प्रश्न पडला की उत्तर जवाई देणार. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पुण्यात राहतात, म्हणजे त्यांना सगळंच कळतं. आमच्या 'मले-तुले'ला हसतात, आणि स्वतः चार व्हिडिओ पाहून पंडित झालेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आले ते डबा नाचवतच. डब्यावर मोटरसायकलचं चित्र! गाडीच्या टाकीवर मारायचा लॅकर.

"भाऊजी, हा कागद आहे, टाकी नव्हे," मी म्हणालो.

"अरे, लोखंडाला चालतो तो कागदाला काय करणार?"

काय हे ज्ञान! पण जवायाला चुकलात म्हणायची आमच्याकडे सोय नाही. काका तर लगेच म्हणाले, "त्याईनं एवढ्या दुरून आणला, मार ना बे!" आई भिंतीला टेकून फोटोकडे पाहत होती.

मग मी म्हटलं, पहिला मान जवायाचा. भाऊजींचा साखरपुड्याचा फोटो त्याच स्टुडिओतला, त्याच कागदावरचा. तो भिंतीवरून खाली काढला. मानाला नाही कोण म्हणतो? भाऊजींनी स्वतः, वीतभर अंतरावरून, दरवाजा रंगवावा तसा फवारा मारला. बघता बघता त्यांचा फेटा कपाळावर उतरला आणि मिशी गळ्यापर्यंत गेली. ताई कडेला होती म्हणून वाचली.

"इथली हवा दमट आहे," भाऊजी म्हणाले. भर उन्हाळ्यात, बुलढाणा जिल्ह्यात, दमट! धन्य आहे.

मी मग इंकजेट फोटोंसाठीच बनवलेला, बिनचमकीचा स्प्रे मागवला. आधी ताईच्या बाजूवर मारला, वाळवला, ओल्या फडक्याने घासून पाहिला. रंग हलला नाही. तेव्हा कुठे बाबांच्या फोटोवर हातभर लांबून पातळ थर दिले, प्रत्येक वाळू देऊन.

दुसऱ्या सकाळी आईला म्हटलं, "आता पूस." तिने फडकं पिळलं. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. आजारपणात बाबांना उठवत नव्हतं तेव्हा ती त्यांना असंच पुसायची, हे मला त्या वेळी आठवलं. फडकं कोरं निघालं.

"पाहिलंत? म्हटलं होतं ना, स्प्रेच लागतो!" भाऊजी मागून बोलले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई फोटोला सांगत होती, "तुमच्या लेकरायनं मले हात लावू देला नाही हो. इतके दिस तुमचं तोंड तसंच न पुसता राह्यलं."