गेटवरचा फोन

आमच्या कंपनीत सिक्युरिटी गार्ड चालण्यासाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून आत आला की माझं हातातलं काम थांबतं. अजूनही थांबतं. मोबाइलबंदीपासून तो शॉपमध्ये, आमच्या कामाच्या शेडमध्ये येतो ते बहुधा एकाच कामासाठी, गेटवर कुणाच्या तरी घरून फोन आलेला असतो. आणि गेटवर फोन करून घरचं कुणी 'जेवलीस का' असं विचारत नाही. तो कुणाच्या टेबलाकडं वळतो, हे आम्ही बायका मान खाली घालून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतो. तो पुढं गेला की हुश्श म्हणायचं, आणि ज्या बिचारीपाशी थांबला तिच्याकडं बघायची चोरी.

वाळूजला आम्ही नवरा-बायको एकाच कंपनीत. तो प्रेस शॉपला पत्रा दाबायच्या मशीनवर, मी इन्स्पेक्शनला टेबलावर माल तपासायला. मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवायचा नियम आला तो प्रेस शॉपमधल्या एका माणसाची दोन बोटं गेली म्हणून. खिशातला फोन थरथरला, त्यानं खाली पाहिलं, तेवढं पुरलं. त्याचा हात रुमालात गुंडाळून धरला होता माझ्या नवऱ्यानं. त्यामुळं सेफ्टी कमिटीत बंदीसाठी पहिला हात वर गेला, तोही त्याचाच.

माझा मात्र संताप झाला. "तुमच्या मशीनवर नका ना ठेवू," मी म्हणाले. "माझ्या टेबलावर काय तुटणार आहे? पेन्सिलीचं टोक? सुक्याबरोबर ओलंही जाळताय."

"एकाला सूट दिली की सगळे मागत्यात," तो म्हणाला. "गेटवर फोन हाय की."

भांडणाचं मूळ आमची लेक. दुसरीत आहे. ताप चढला की तिला फिट यायची, दोनदा आली होती. शाळा सुटली की आम्ही घरी पोचेपर्यंत ती शेजारच्या मावशींकडं. मावशी एकट्या, शुगरच्या पेशंट, पण पोरीला जिवापाड जपायच्या. नवऱ्यानं गेटचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्यापुरता विषय संपला. माझा संपला नाही. रोज पेटीत फोन ठेवताना वाटायचं, आपण गर्दीत पोरीचा हात सोडतोय. सकाळी तिचं कपाळ जरा कोमट लागलं की दिवसभर माझं लक्ष गार्डच्या बुटांकडं.

एक दिवस ते बूट माझ्याच टेबलापाशी थांबले.

"ताई, घरून फोन हाय. लेकरू बोलतंय. मावशी उठंना म्हणतंय."

लेकरू बोलतंय म्हटल्यावर आधी मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. मग 'मावशी उठंना' डोक्यात शिरलं. इतके दिवस मी भीत होते ती मावशींच्या फोनला. पोरीचाच फोन येईल, तोही मावशींसाठी, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

गेटच्या केबिनपर्यंत पळत गेले तर रिसीव्हर जागेवर ठेवलेला. तिथला दुसरा गार्ड म्हणाला, "मालाच्या गाडीचा फोन यायचा व्हता, म्हणून ठेवला." जुना फोन तो, त्यावर नंबर दिसायची सोय नाही. मावशींचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये, मोबाइल पेटीत, आणि पेटीची किल्ली आत सुपरवायझरकडं. मी रिसीव्हर उचलला, बोट बटणांवर नेलं, आणि कळलं की मला नंबर पाठच नाही. मावशींचा नाही, गल्लीतल्या एकाही माणसाचा नाही. तेवढ्यात निरोप मिळून नवरा तेलकट हातांनी धावत आला.

"मावशींचा नंबर सांगा," मी म्हणाले.

त्यानं पहिले दोन आकडे सांगितले, पुढचे त्यालाही आठवेनात. त्याचा असा चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता.

"किल्ली येईस्तोवर थांबायचं नाय," म्हणत त्यानं गाडी काढली. गार्डनं गेटपास विचारला. नियमाचा एवढा पक्का माणूस, पण त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

वाळूजजवळच्या रांजणगावातलं घर गाठेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. मावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी स्वयंपाकघरात आडव्या, अंग घामानं थबथबलेलं, पण श्वास चालू होता. नवऱ्यानं बोटावर साखर घेऊन त्यांच्या गालाच्या आतून चोळली. मी दारात जाऊन ओरडले तशी सगळी गल्ली गोळा झाली आणि समोरच्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मावशी वाचल्या. शुगर फार खाली गेली होती, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. समोरचं दार एका हाकेवर होतं. पोरीनं ती हाक मारली असती तर माणसं आमच्या कितीतरी आधी आली असती.

ती फ्रिजला टेकून बसली होती, मावशींचा मोबाइल दोन्ही हातांनी कानाला दाबून. एवढा गलका झाला तरी तिनं तो काढला नव्हता. मी तिला कुशीत घेतलं.

"बाळा, समोरच्या काकूंना हाक का नाही मारलीस?"

"गेटवरचे काका म्हणाले, थांब, मम्मीला बोलावतो," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून मी थांबले."

नवऱ्यानं तिच्या बोटांतून फोन सोडवून घेतला आणि आपल्या कानाला लावला. पलीकडं कुणीच नव्हतं.