नंबर बंद करायचा नाही

माझा धाकटा भाऊ या वाळवंटात बर्फावरची हॉकी खेळायचा, आणि त्याच्यासारखा गोलरक्षक इथल्या लीगमध्ये दुसरा झाला नाही. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. कॅनडातून, रशियातून नोकरीसाठी आलेले, बर्फातच वाढलेले खेळाडू त्याच्यापुढे हात टेकताना मी बर्फाच्या रिंकच्या काचेपलीकडून वर्षानुवर्षं पाहिले आहेत.

बर्फाआधी त्याला फरशी मिळाली. दुबईशेजारच्या रोल्लातल्या आमच्या तेव्हाच्या फ्लॅटमध्ये तो कॅरमची पावडर फरशीवर पसरायचा आणि मोज्यांवर घसरत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. मी स्ट्रायकर जमिनीवरून सोडायचे, तो अडवायचा. एकदा आई हातातल्या पातेल्यासकट घसरली आणि पावडर कुलुपात गेली. मग बाबा त्याला दुबईच्या रिंकवर घेऊन गेले. पहिल्या दिवशी बाकीची मुलं कठडा धरून होती. हा मधोमध उभा होता.

पुढे रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. "शेवटी फरशीच नशिबात, ताई," म्हणायचा. कामावरून सुटला की थेट दुबईला सरावाला. उन्हाळ्यातही गाडीच्या मागच्या सीटवर स्वेटर असायचा. घामानं भिजलेले पॅड बाल्कनीत वाळत पडायचे, त्यांच्या वासानं आई हैराण. तिनं त्याच्या बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकायला सुरुवात केली. टीममधले म्हणायचे, हा दिसायच्या आधी याचा वास येतो.

गेल्या हिवाळ्यात तो कामावरच हृदयविकारानं गेला. त्यानंतर आईला एकच गोष्ट सोसेना: त्याचं काहीही बंद होणं. व्हिसा रद्द झाला, बँकेतलं खातं बंद झालं, ते तिला थांबवता आलं नाही. फक्त फोन तिनं चालू ठेवायला लावला.

तेरावा झाल्यावर टीमचा कॅप्टन दुबईत अल बर्शाच्या आमच्या आताच्या घरी आला. तो इथलाच, अरब. खजुराचा डबा घेऊन आला होता. बरोबर राखीव गोलरक्षक होता. केरळचा, भावाच्याच कारखान्यातला. भाऊ होता तोवर याला बहुतेक बाकावरच बसावं लागलं, तरी सरावाला दोघं एकाच गाडीतून जायचे आणि येताना आमच्याकडे जेवायचे.

कॅप्टननं भावाची जर्सी मांडीवर ठेवली आणि इथल्या हिंदीत म्हणाला, "मम्मा, हम लोग उसका नंबर रिटायर करेगा. अब किसी को नहीं मिलेगा."

आई ताठ बसली. "नंबर बंद नहीं करने का. पुण्याहून फोन येतात अजून."

"फोन?" कॅप्टन माझ्याकडे बघू लागला.

मी आईला समजावलं: फोनचा नाही, पाठीवरचा. मोठ्या खेळाडूचा नंबर पुन्हा कुणी घालत नाही. त्याची जर्सी छताला टांगतात. बर्फावरच्या हॉकीत याहून मोठा मान नाही.

तिनं जर्सी मागून घेतली, हुंगली. मग म्हणाली, "त्याला सांग, गेलेल्या माणसाचा कपडा आमच्यात टांगून ठेवत नाहीत. ज्याला होतो त्याला देतात."

मी हिंदीत सांगितलं. "मम्मा, ये इज्जत है," कॅप्टन हळूच म्हणाला.

"पहन के भी होती है इज्जत." आईनं जर्सी राखीव गोलरक्षकाच्या खांद्यांना लावून पाहिली. "याला बसेल. जरा ढगळ होईल."

तो मान खाली घालून म्हणाला, "अम्मा, मैं उसके जैसा नहीं रोक पाऊँगा."

"तू नीट जेवायला ये आधी," आई मराठीतच म्हणाली.

कॅप्टननं खजुराचा डबा आईपुढे सरकवला. "खलास," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ठरलं. "मम्मा बोला तो खलास."

पुढच्या सामन्याला मी आईला घेऊन गेले. खेळाडू बर्फाकडे जाताना आमच्या समोरून जातात. अजून कुणी दिसत नव्हतं, तोच डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास आला. मागोमाग मोठे पॅड सावरत, अंगावर भावाचा एकतीस नंबर घातलेला तो केरळचा मुलगा आला आणि आईला वाकून नमस्कार करून बर्फावर उतरला.

आईनं शाल नीट केली. "जास्त टाकल्या का गं गोळ्या?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहेत."