झेंड्याच्या पाठीवरची अक्षत

ताईच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते सांगत होते की बाईंनी उभ्या आयुष्यात कधी लबाडी केली नाही. ती मुख्याध्यापिका होती, तेव्हा असं बोलणं साहजिकच. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि आपल्याला हसू येतंय हे ध्यानात आल्यावर पदर तोंडाला लावून परत जागेवर येऊन बसले. लोकांना वाटलं, बहिणीला भरून आलं. तेही खरंच होतं. पण त्या वेळी मला आठवत होता तो कुंकवात चिकटलेला तांदळाचा एक दाणा. त्याची हकिगत आता घरी बसून सावकाश लिहिते आहे.

आम्ही फणसवाडीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना त्याने आपलं सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला पडदे. अण्णांच्या वाट्याला एक खोका आला. त्यात घडीचा पट होता आणि पुठ्ठ्याच्या शिपायांची दोन सैन्यं, एक तांबडं, एक निळं. खेळाचं इंग्रजी नाव खोक्यावरून केव्हाच पुसून गेलं होतं. आम्ही त्याला नुसतं 'लढाई' म्हणायचो.

प्रत्येक शिपायाच्या एका बाजूला चित्र, दुसरी बाजू कोरी. मांडताना चित्र आपल्याकडे ठेवायचं, म्हणजे समोरच्याला नुसत्या पाठी दिसतात. त्यातला सेनापती कोण, हेर कोण, सुरुंग कुठला, त्याला काही कळत नाही. समोरच्याच्या सोंगटीवर चाल केली की दोघांनी आपापली सोंगटी उघडी करायची आणि लहान हुद्द्याची उचलायची. एकटा हेर तेवढा सेनापतीवर चालून गेला तर त्याला मारू शके. सुरुंगावर गेलेला मेलाच. झेंडा आणि सुरुंग एकदा मांडले की हलत नाहीत. ज्याचा झेंडा पकडला गेला तो हरला.

अण्णा नेहमी तांबडं सैन्य घेत आणि कधी हरत नसत. दर रविवारी शेजारचे गार्डकाका त्यांच्याशी खेळायला येत आणि हरून जात. ते रेल्वेत गार्ड होते म्हणून सगळी चाळ त्यांना गार्डकाका म्हणे. त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळते की नाही याशिवाय वाडीत दुसरा विषय नव्हता, आणि अण्णांनी आपल्या झेंड्याचं नावच 'मुंबई' ठेवलं होतं.

"मुंबई अशी फुकट कुणी घेऊन जात नाही," जिंकल्यावर ते म्हणत.

"हे दिल्लीला जाऊन सांगा की. दर रविवारी मलाच काय सांगताय?" गार्डकाका म्हणत.

दिल्लीलाच काय, दाराबाहेरच्या गॅलरीतही अण्णा असलं काही बोलत नसत. सरकारी नोकरांच्या घरची माणसं सभेला गेली तर साध्या वेशातले पोलीस नावं टिपून नेतात, असं कचेरीत बोललं जाई. वर अण्णांना खोटं बोलता येत नसे. रेशनच्या इन्स्पेक्टरने काही विचारण्याआधीच, कार्डावरचा आमचा मामा गावी परत गेल्याचं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दादरला मोठी सभा होती आणि वाडीतल्या बायका मिळून जाणार होत्या. ताई तेव्हा कॉलेजात नुकतीच जाऊ लागली होती. तिला जायचंच होतं.

"उद्या साहेबाने विचारलं, मुलीला तुम्ही परवानगी दिलीत का, तर मी काय सांगू?" अण्णा म्हणाले.

"नाही दिली म्हणून सांगा."

"दिली असेन तर नाही कसं सांगू?"

"मग देऊ नका. मी तशीच जाते."

"तशीच जायला ही काय धर्मशाळा आहे?"

त्यावर ताईने अबोला धरला. जेवताना ती मीठसुद्धा माझ्यामार्फत मागू लागली. शेवटी अण्णा कंटाळून म्हणाले, "लढाईत मला हरव आणि मग खुशाल जा. शब्द देतो."

"म्हणजे नाहीच म्हणा की," खेळायला आलेले गार्डकाका म्हणाले.

दसऱ्याच्या दुपारी खेळायचं ठरलं. ताई मला समोर बसवून सराव करू लागली. ती माझ्याशीही हरली तेव्हा मात्र आई स्वयंपाकघरातून आमच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. हत्यारं म्हणजे विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन आणि अण्णांचं फाउंटन पेन. गार्डकाका एकटे राहत, म्हणून त्यांची शिट्टीही आमच्याच पाटावर यायची. त्या वर्षी आई म्हणाली, "घरात एवढं सैन्य आहे आणि त्याची पूजा नाही, हे बरं दिसतं का?"

अण्णा खूश झाले. शास्त्राची गोष्ट निघाली की ते नेहमीच खूश होत. त्यांनी स्वतः खोका काढून दिला आणि ते आंघोळीला गेले. मी दोन्ही सैन्यं पाटावर मांडली, तोंडं देवाकडे करून. आईने ताईला तबक धरून पाटाच्या कडेला, चित्रं आणि पाठी दोन्ही दिसतील अशा जागी बसवलं आणि अनामिकेने एकेका शिपायाच्या पाठीवर हळदकुंकू लावलं. अक्षता टाकल्या त्यातला एक दाणा तांबड्या झेंड्याच्या पाठीवर ओल्या कुंकवात जाऊन चिकटला. निदान मला तरी तेव्हा तो आपणहून चिकटल्यासारखा वाटला.

दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली आणि पट मांडला. गार्डकाका पंच म्हणून आडवे बसले. अण्णांना आपल्या सोंगट्यांची चित्रं दिसत होती, ताईला त्यांच्या पाठी. पाठींवर कुंकवाचे टिळे होते आणि हाताने लावलेला टिळा कधी दुसऱ्यासारखा होत नाही. एक पसरट, एक फिकट, एकाचा ओघळ आलेला. ताईची स्मरणशक्ती किती चांगली होती ते शोकसभेतही दोघातिघांनी सांगितलं.

तिचा हेर सरळ चालत गेला आणि त्याने अण्णांचा सेनापती मारला. सुरुंगांना वळसे घालत तिचे शिपाई असे निघाले की जणू रोजच्या वाटेने दूध आणायला चाललेत. गार्डकाका उगाच खोकले. अण्णा पाणी प्यायला उठले आणि येताना ताईच्या पाठीमागून आले. तिथे ते थोडे थांबले.

"अगं," ते आईला म्हणाले, "कुंकू पाठीवर का लावलंस?"

"तोंडं देवाकडे होती. मी मागे बसलेली. मग लावणार कुठे?"

"बरं. तो करंडा आण जरा. सगळ्यांना सारखं लावून घेतो."

"आता? उत्तरपूजा सकाळीच झाली. एकदा देव हलवल्यावर परत कुंकू लावतात का? तुम्हीच सांगा, शास्त्र तुम्हाला माहीत."

अण्णांनी धोतराचा सोगा हातात घेतला. मग म्हणाले, "मग पुसून घेऊ."

"दसऱ्याच्या दिवशी? सवाष्णीच्या हातचं कुंकू?"

अण्णांनी पंचाकडे पाहिलं.

"माझी शिट्टीपण त्याच पाटावर होती," गार्डकाका म्हणाले. "मी काय बोलणार?"

अण्णा परत जागेवर बसले. पुढे झेंडा पडायला फार वेळ लागला नाही. ताईने तो उचलला तेव्हा तांदळाचा दाणा सुटून चटईवर पडला आणि आईने तो लगेच टिपून घेतला.

"शब्द दिलाय तुम्ही," ताई म्हणाली.

"दिलाय. पण एवढ्या गर्दीत एकटी पोर..."

"एकटी कशाला? मी जाते ना बरोबर," आई म्हणाली. हे तिने इतकं चटकन म्हटलं की अण्णांसकट आम्हा सगळ्यांना पूजेमागचं कारण एकदमच कळलं.

रविवारी दोघी संध्याकाळी परत आल्या तेव्हा घोषणा देऊन ताईचा आवाज पार बसला होता. अण्णांनी दार लावलं, तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि मग कोण काय बोललं ते पुन्हापुन्हा विचारून ऐकलं. शेवटी हळूच म्हणाले, "साध्या वेशातला कुणी होता का?"

"एक होता वाटतं," आई म्हणाली. "टाळ्या वाजवत नव्हता आणि घोषणाही देत नव्हता. ऊन लागलं होतं बिचाऱ्याला. माझ्याजवळचं पाणी दिलं."

"नाव विचारलं त्याने?"

"मीच विचारलं. सांगितलं नाही त्याने."

दिवाळीनंतर पुन्हा सभा ठरली. अण्णा म्हणाले, "पुन्हा हरवावं लागेल. एकदा हरलो म्हणजे कायमचा हरलो नाही." मधल्या रविवारांत गार्डकाकांच्या पुष्कळ लढाया हरून झाल्या होत्या. हाताळून हाताळून टिळे पुसट झाले होते आणि आता सगळ्या पाठी सारख्या दिसत होत्या. या वेळी आपलं जाणं होत नाही, हे ताईने आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं.

पट मांडला. ताई अण्णांच्या सैन्यावरून नजर फिरवत गेली आणि पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात थांबली. तिथल्या सोंगटीच्या पाठीवर पांढरा, टपोरा तांदळाचा दाणा होता.

तिने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच नाही म्हटलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मग हा अण्णांचा सापळा असणार. झेंडा कुणी पहिल्या रांगेत मांडत नाही. तिथे सुरुंगच असणार आणि दाणा दाखवून आपल्याला त्यावर नेताहेत. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ताईने बराच वेळ घेतला. दुसरी वाट धरली असती तर ती नेहमीसारखी हरली असती. तिने आपला शिपाई पुढे घातला, चाली करत कोपऱ्यापर्यंत नेला आणि दाण्याच्या सोंगटीवर ठेवला.

अण्णांनी सोंगटी उलटी केली. झेंडा होता.

"अरे," अण्णा म्हणाले. त्यांना आश्चर्य नीट दाखवता येत नसे. मग ते गॅलरीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हरलो बुवा. शब्द दिला होता, आता काय करणार."

"मी साक्षीला आहे," गार्डकाका म्हणाले. "साहेबाने विचारलं तर मला बोलवा. कारकून हरला, मुलगी सभेला गेली. यात खोटं काही नाही."

ताईने झेंडा हातात घेतला होता. दाण्यावर तिने नख घासलं, पण तो सुटेना. तिने झेंडा नाकाशी नेला आणि मग माझ्या नाकाशी. अण्णांच्या टेबलावरच्या बाटलीतल्या डिंकाचा वास येत होता. मी काही बोलणार तोच तिने माझा गुडघा दाबला आणि सोंगटी गुपचूप खोक्यात ठेवून दिली. त्यानंतर पुष्कळ सभा झाल्या आणि प्रत्येक सभेआधी अण्णा नियमाने हरले.

खोका आता माझ्याकडे आहे. दाणा अजून निघालेला नाही.

माइकसमोर मी हे सांगितलंही असतं. पण आईने कुंकू लावलं, गार्डकाकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि डिंकाची बाटली अण्णांची. एकट्या ताईचं नाव मी कोणत्या तोंडाने घेणार होते?