काकांच्या शर्टांचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गारखेड्याला माझ्या पुढच्या खोलीत दर शनिवारी गोधडी शिकायला ज्या बायका येतात त्यांना तर नाहीच — त्यांना मी नेमकं याच्या उलटं सांगत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. जमेल ना? बघू.

आधी मी कोण ते सांगते. तेवढाच थोडा वेळ मिळतो मला.

मी गोधड्यांचे नमुने काढते. गणिताच्या चौकटीच्या वहीत, शिसपेन्सिलीनं. कुठं तांबडा तुकडा, कुठं निळा, धावदोरा कुठून सुरू करायचा आणि कुठं संपवायचा — सगळं आखून, आकडे घालून. अशा नमुन्यांची माझी तीन पुस्तकं आहेत. आईला हे कधी पटलं नाही. चिंध्या जोडायला पुस्तक कशाला लागतं, असं ती म्हणायची, आणि घरी पाहुणे आले की तेच पुस्तक काढून दाखवायची.

पण टाका मला आईनं शिकवला नाही. तो शिकवला बजाजनगरच्या काकूंनी. लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही तिथं दोन खोल्यांत राहायचो. नवरा वाळूजला कंपनीच्या ऑफिसात, आणि भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. काका दुसऱ्या एका कंपनीत लेथ मशीनवर होते. मुलगी एकच, अर्चना, तेव्हा शाळेत जाणारी. मला दिवस खायला उठायचा. काकूंनी ते ओळखलं असणार. दुपारी त्या ओट्यावर गोधडी अंथरायच्या आणि मला समोर बसवायच्या. माझा टाका मोठा पडला की बोलायच्या काही नाहीत — तेवढा दोरा उसवायच्या आणि सुई परत माझ्या हातात द्यायच्या. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत पोळीचा वाळका तुकडा ठेवायच्या. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणे. मुंग्या लागतील काकू, असं मी एकदा हसत म्हटलं, तर म्हणाल्या, लागू दे की, त्यांनाबी थंडी वाजती.

मला त्या फार आवडायच्या. आजही आवडतात. म्हणून तर हे एवढं जड जातंय.

काका कमी बोलायचे. माझी चौकटीची वही दिसली की चष्मा वर करून बघायचे आणि नकाशा कुठवर आला म्हणून विचारायचे. एवढीच आमची थट्टा, पण ती वर्षानुवर्षं चालली. पुढं आम्ही गारखेड्याला आलो, माझं पहिलं पुस्तक निघालं, अर्चना पुण्याला शिकायला गेली. आणि एके दिवशी काका कंपनीतून आले, चहा प्यायले, आडवे झाले ते गेलेच.

महिन्याभरानं काकू माझ्याकडं आल्या. एकट्या, रिक्षानं. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. आत काकांचे कंपनीचे दोन शर्ट, लग्नाकार्यातला एक पांढरा, एक लुंगी, दोन बनियन. बाकीचे कपडे रिवाजाप्रमाणं देऊन टाकले होते, एवढे त्यांनी लपवून ठेवलेले. गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या,

"ह्याची गोधडी कर, शैले. धू नको बरं का. हाय तसंच शीव."

का ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चहा पिऊन त्या गेल्या.

इथं मला जरा थांबायला हवं.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पहिलाच नियम आहे — धुतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. ठळक अक्षरात छापलाय. नियम खोटा नाही. न धुता शिवलं की पहिल्या पाण्यात एक तुकडा आकसतो, दुसऱ्याचा रंग फुटतो, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मी स्वतःला सांगितलं की मला धुण्याचा त्रास नको म्हणून काकू तसं म्हणाल्या असतील. पण खरंच असं वाटलं होतं का मला? नाही. मनात आलं ते वेगळंच होतं. आलं ते असं — काकूंना काय कळतंय यातलं, पुस्तक माझं आहे. ज्या बाईनं हातात सुई दिली तिलाच मी अडाणी ठरवलं. गुरूची विद्या गुरूला.

मी पाणी तापवलं. पावडर टाकून कपडे दोन तास भिजत ठेवले. कंपनीच्या शर्टांच्या कॉलरला आणि बाह्यांना काळपट तेल बसलेलं होतं, ते ब्रशनं घासलं. गच्चीवर कडक उन्हात वाळवले. सांगायला लाज वाटते, पण दोरीवर ते इतके स्वच्छ दिसत होते की मला समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मी तेव्हा पांढऱ्या शर्टाची पाठ कापत होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"वास हाय का गं अजून त्याला? इथं उशीचा गेला बघ."

सगळं एका क्षणात कळलं — धू नको का म्हणाल्या, ते कपडे लपवून का ठेवले. आणि मी काय म्हणाले? "आहे काकू." दोन शब्द. विचारही केला नाही.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्या रडल्या असत्या. महिनाभर बोलल्या नसत्या. मग एक दिवस डब्यात येसर आमटी घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. मी त्यांना ओळखत होते, हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मग का नाही सांगितलं? कारण ती बाई माझी चूक झाली की तोंडानं काही म्हणायची नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याला मी भ्यायले. बाकी काही नाही. भित्रेपणा, निव्वळ.

पुढचं ऐकून तुम्हाला हसू येईल. हसा. मलाही मधूनमधून येतं.

दुसऱ्या दिवशी मीच काकूंना फोन लावला आणि काकांच्या गोष्टी काढल्या. डोक्याला कुठलं तेल लावायचे ते, अत्तर कुठलं. काकू तासभर बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. ब्राह्मीचं तेल म्हणाल्या, आणि कार्यक्रमाला निघाले की खसचं अत्तर, शहागंजातल्या एका ठरावीक दुकानातलं. मी हो हो करत वहीत लिहून घेत होते. ज्या वहीत नमुने काढते त्याच वहीत.

शहागंजात गेले. अत्तरवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "किसके वास्ते होना, बाजी?" बाजी म्हणजे ताई, त्यांच्या बोलीत. घरच्या माणसासाठी, म्हटलं. त्यानं माझ्या मनगटावर काचेची काडी टेकवली आणि आपल्या मनानंच म्हणाला की हे मोठ्या माणसांना शोभतं.

मग मी तळहाताला तेल चोळून एकेक तुकडा हाताळला. अत्तराचा बोळा घालून ते पत्र्याच्या डब्यात आठ दिवस बंद ठेवले. गोधडी शिवली — बाहेरून आत जाणारे चौकोन, मधोमध पांढऱ्या शर्टाचा खिसा. नमुना चांगला होता, मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगला. पण वास काही केल्या जमेना. तेल होतं, अत्तर होतं, माणूस नव्हता. माणसाचा वास कुठून आणायचा?

माझ्या नवऱ्याला मी सांगितलं की टाका टिकतो का ते बघायचंय, आठवडाभर ही गोधडी पांघरा. तो बिचारा पांघरून झोपला. ऊब छान आहे म्हणाला. त्याला आजही काही माहीत नाही.

गोधडी घेऊन मी बजाजनगरला गेले. काकूंनी घडी उलगडली नाही, आहे तशीच उचलून तोंडाला लावली. बराच वेळ. मी फरशीकडं बघत होते. मग गोधडीतूनच त्यांचा आवाज आला. "हेच. हेच गं ते." आणि मला जवळ ओढून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना जे आठवायचं होतं ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं, आणि मी ते शिवून परत दिलं होतं. त्या आठवड्यात त्यांना काका गेल्यापासून पहिल्यांदा झोप लागली. त्यांच्यासाठी मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. एवढं मात्र खरं सांगते.

इथं थांबले असते तर कदाचित हे लिहिलंही नसतं. पण मी थांबले का? दर दिवाळीआधी एखादा टाका घट्ट करते म्हणून गोधडी घरी आणायची आणि पुन्हा तेल, पुन्हा डबा. वर माझ्या दुसऱ्या पुस्तकात गेलेल्या माणसाच्या कपड्यांच्या गोधडीवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यातला पहिला नियम — हे कपडे कधीही धुऊ नका. खाली काकूंची गोष्ट, नाव बदलून. त्या प्रकरणानंच माझं नाव झालं. वर्गात मी ते वाचून दाखवते तेव्हा बायका डोळ्याला पदर लावतात. मीही लावते.

आता खरी गोष्ट. इतका वेळ मी हिच्याभोवती घिरट्या घालतेय.

तिसऱ्या की चौथ्या दिवाळीला अर्चना माहेरी आली होती. तोवर तिचं लग्न झालेलं. मी फराळाला गेले तर ती पलंगावर गोधडी पायांवर घेऊन बसलेली. बोलता बोलता तिनं ती उचलून तोंडाशी नेली. थांबली. पुन्हा वास घेतला, दुसऱ्या कोपऱ्याचा. मग म्हणाली,

"आई, बाबांना असा वास नव्हता गं. त्यांना कंपनीचा वास होता."

काकू चिडल्या. त्यांना मी एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तुला काय आठवतंय, तू तिकडं पुण्याला होतीस, असं काहीबाही बोलत राहिल्या. अर्चना म्हणत होती की संध्याकाळी बाबा दारात आले की ती पळत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची, तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार. आणि काकूंनी माझ्याकडं बघितलं. "तू सांग हिला. कपडे तुझ्याच हातात होते की."

दोघी माझ्याकडं बघत होत्या. एकीला नवरा हवा होता, एकीला बाप. पण मी त्यांचा विचार करत होते असं समजू नका. मी माझा विचार करत होते.

"लांब राहिलं की आठवण पुसट होते, अर्चना," मी म्हणाले. वर तिच्या पाठीवर हातही फिरवला.

तिनं गोधडीचा कोपरा बोटांनी सरळ केला, "असेल," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू होता. काकूंनी माझ्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली. मी ती खाल्ली.

काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. गोधडी अर्चना पुण्याला घेऊन गेली. परवा तिचा फोन आला होता, खूप मायेनं बोलली. तिची मुलगी चार वर्षांची आहे, आजोबा कसे होते म्हणून सारखी विचारते. मग अर्चना तिला गोधडीत गुंडाळते आणि सांगते, हा बघ आजोबांचा वास. "तुमचं बरोबर होतं, ताई," ती म्हणाली. "मीच विसरले होते. आता मलाही तोच आठवतो." आणि तिनं माझे आभार मानले. मी फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसले.

तर सांगते. गाठोडं सोडलं तेव्हा कंपनीचा शर्ट मी नाकाशी नेला होता. त्याला लोखंडाचा वास होता, मशीनच्या तेलाचा, आणि त्याच्याखाली दिवसभराच्या घामाचा. ब्राह्मीचा नव्हता, खसचा नव्हता. काका संध्याकाळी दारातून आत यायचे तेव्हा यायचा तोच. मी नाक मुरडलं आणि पाणी तापत ठेवलं.

अर्चनाचं बरोबर होतं. तिच्या पाठीवर हात फिरवत होते तेव्हाही मला ते माहीत होतं.