थिनरची वाटी आणि लावलेल्या खिडक्या

कुंभवलीत आम्हाला एक सवय आहे. वास आला की खिडक्या लावायच्या. कोणी सांगावं लागत नाही. कारखान्यांकडून वारा फिरला की अख्खी आळी पटापट कड्या घालते.

साठी उलटल्यावर मी फोनवर बघून बघून तैलरंग शिकले. पहिला हात पातळ, वरचे हात तेलकट, एवढं डोक्यात बसलं. उलटं केलं की चित्राला तडे जातात. पातळ करायला टर्पेंटाइन हवं. ते जवळपास मिळेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून फर्निचरवाल्यांचा थिनर आणला. रंग काय सरसर पळायचा हो! चित्रातलं सातपाटीच्या होड्यांवरचं आभाळ एका बैठकीत झालं. ब्रश थिनरच्या वाटीत बुडवून ठेवले आणि भाकऱ्या करायला उठले.

जरा वेळाने आमचे हे आतून ओरडले, "अगं, कंपनीनं गॅस सोडला वाटतं! खिडकी लाव!"

यांना दमा. मी धावत सगळ्या खिडक्या लावल्या, दाराखाली ओलं फडकं सारलं. वास वाढतच गेला. आम्ही आपले कंपनीला शिव्या देतोय, आणि यांची छाती वाजायला लागली. दम्याचा पंप ओढला, तरी ओठ काळसर पडले.

तेवढ्यात दारात आमची नेहमीची मासेवाली. "आई, बोंबील हाय, ताजं!"

"नको गं, दार नाही उघडत. बाहेर केवढा वास सुटलाय!"

"बाहेर? बाहेर माझ्या पाटीशिवाय कायच वास नाय. उघडा बघू."

उघडलं तशी ती नाकाला पदर लावून मागे सरली. "अगो आई, कंपनी तर तुमच्या घरातच हाय!"

तिनेच ती वाटी उचलून अंगणात नेली. दोघींनी धरून यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं. छाती शांत व्हायला बराच वेळ गेला.

तेव्हापासून थिनर घरात नाही. पहिला हात नुसताच रंग घासून देते, वर जवसाचं तेल. सुकायला दिवस लागतात, लागोत. ब्रश तेलात खळबळून साबणाने धुते. तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेटतात म्हणे, म्हणून दोरीवर पसरते.

काल दुपारी पुन्हा वास आला. यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय उघडं आहे का?"

मी तेलाची वाटी हुंगली, फडकी हुंगली. जवसच. अंगणात गेले, तर शेजारी एकामागून एक कड्या वाजत होत्या. आत येऊन मीही खिडक्या लावल्या आणि यांच्या हातात पंप दिला. या वेळी उचलून बाहेर न्यायला थिनरची वाटी नव्हती.