इंदूबाईचे फूट-पौंड

श्रावण राळेगावला कापसाच्या जिनात ऑइलमन होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पण हात कायम तेलात. छप्पन साली दीक्षा घेऊन परत आला आणि वस्तीने स्वतःची विहीर खोदायला काढली, तेव्हा पहिली कुदळ त्यानेच मारली. गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन ताटकळत उभं राहणं एकदाचं संपलं. पाणी मात्र पस्तीस फुटांवर लागलं, आणि ते ओढायचं बायकांनीच. दीक्षेने त्यात काही फरक पडला नव्हता.

त्याची बायको इंदूबाई रोज सकाळी बारा बाल्ट्या ओढायची. एक दिवस या गड्याने भरलेली बाल्टी उचलली आणि थेट जिनातल्या काट्यावर नेऊन ठेवली. चोवीस पौंड भरली. इंजिनाचा धूर याच्या डोक्यात गेला, असं लोक म्हणाले. घरी येऊन त्याने शाळेतलं जुनं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, 'वजन गुणिले उंची, झालं काम.'

"इंदू, एका बाल्टीचे आठशे चाळीस फूट-पौंड. बारा बाल्ट्यांचे दहा हजार ऐंशी! आज सकाळी तू एवढं काम केलं."

"तुमाले दुसरा धंदा नाही का? काहून मोजून राह्यले?"

बोलली खरी तोडून, पण दिवसभर तो आकडा तिच्या मनात घोळत राहिला. तिच्या कामाला कुणी आकडा लावला, असं जन्मात पहिल्यांदाच घडलं होतं. मग तीच रोज विचारू लागली. पाट्याचं काय, डोक्यावरच्या मोळीचं काय? सातवी झालेली ती बाई, नवऱ्यापाशी बसून त्या पुस्तकातली गणितं सोडवू लागली.

साठ साली श्रावण मुदतीच्या तापात गेला. शेवटचे आठ दिवस यवतमाळच्या दवाखान्यात तिने नर्सबाईंना पाहिलं होतं, आणि तिथून येतानाच तिचं ठरलं, आपण नर्स व्हायचं. चौकशी केली तेव्हा अट कळली, मॅट्रिक पास हवी आणि वय तिसाच्या आत. दिवसा निंदण, संध्याकाळी अभ्यास, असं करत चौसष्टच्या मार्चमध्ये ती बाहेरून परीक्षेला बसली. जूनमध्ये तिला तीस पुरी होणार होती. म्हणजे संधी एकच.

राळेगावच्या शाळेतल्या विमलताई तिला गणित, इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी विज्ञानाचं नवीन पुस्तकही आणून दिलं होतं. "मापं बदललीत, इंदूबाई. हे वाचा."

"विज्ञान मले येते, ताई. त्याईनंच शिकवलं." तिने नवं पुस्तक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि जुनंच उघडलं. त्यात श्रावणचं अक्षर होतं. नव्या पुस्तकात काय होतं?

पेपरात प्रश्न आला, वीस किलोग्रॅमची वस्तू बारा मीटर उचलायला किती कार्य होईल? तिला हसूच आलं. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. तशीच आणखी तीन गणितं तिने भराभर सोडवली आणि सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर आली. वेडी बाई!

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, विज्ञानात एकतीस. चार गुण कमी.

फळीवरचं पुस्तक घेऊन ती शाळेत गेली. विमलताईंनी ते तिच्यापुढे उघडलं. "किलोग्रॅम म्हणजे वस्तू किती आहे, एवढंच. पृथ्वी तिला खाली ओढते तो जोर वेगळा. त्यासाठी आधी नऊ पूर्णांक आठने गुणायचं, मग उंचीने. उत्तर दोन हजार तीनशे बावन्न ज्यूल. फूट-पौंडात वजनालाच जोर धरायचे, म्हणून श्रावणभाऊंचं बरोबर होतं. तुमचं चुकलं."

ऑक्टोबरात ती पुन्हा बसली आणि विज्ञानात एकसष्ट गुण घेऊन पास झाली. तीस उलटली होती, तरी अर्ज केला. तो पंधरा दिवसांत परत आला, वयाच्या रकान्यावर लाल रेघ मारून.

विमलताईंना राहवलं नाही. "एका जुन्या पुस्तकापायी आयुष्याचं नुकसान केलंत हो. मी सांगत होते ना?"

इंदूबाई अर्जाची घडी घालत होती. तिचे डोळे भरून आले, आणि ताईंना वाटलं, अर्जासाठीच. अर्जाचं दुःख होतंच, ते जन्मभर पुरणार होतं. पण ती बोलली ते दुसरंच.

"ताई, नऊ पूर्णांक आठाचं समजलं, त्या दिवशी मी धावतच घरी गेलती. त्याईले सांगाले. किती खूश झाले असते! दारात गेल्यावर ध्यानात आलं, चार वर्सं झाले."